घरचं कुत्रं घरीच शिकतं: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या दोन-तीन आठवड्यांत बरेच प्रश्न जमले, त्यातले चार-पाच घेतो. मी घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवायचं, म्हणजे ट्रेनरचं काम करतो, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतो.

आमचा लॅब्राडोर कुत्रा दीड वर्षाचा आहे. आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारते, बोलावलं तं येत नाही. नागपूरचा एक ट्रेनर म्हणते महिनाभर माझ्याकडे ठेवा. दुसरा म्हणते मी घरी येतो. घरी येऊन तो करते काय जी? (आर्वी तालुका)

ताई, पहिल्या दिवशी तो कुत्र्याला जवळपास काहीच शिकवत नाही आणि तेच पाहून लोक नाराज होतात. तास-दीड तास नुसता विचारत बसतो, खायला कोण देतं, किती वाजता देतं, झोपतो कुठं, बांधून किती वेळ असतो, आधी कोणाला चावला का, लस कधी झाली. मग म्हणतो आता कोणीतरी बाहेरून आत या, आणि फाटकापासून ओसरीपर्यंत कोण काय करतं ते बघत राहतो, कुत्रंही आणि माणसंही. कारण उडी मारून त्याला काहीतरी मिळतंय म्हणूनच तो मारतो. तुमच्याकडे बहुतेक हात मिळतो आणि आवाज मिळतो, तुम्ही "सर मांगं" म्हणून ढकलता ना, त्याला तो खेळच वाटतो. म्हणून चारी पाय जमिनीवर असले की लगेच उकडलेल्या अंड्याचा चन्याएवढा तुकडा, उडी मारली की पाठ फिरवायची, आणि हे सगळ्या घरानं करायचं. एकानं पाठ फिरवली आणि दुसऱ्यानं लाडानं उचलून घेतलं तर महिनाभराची मेहनत पाण्यात.

बोलावल्यावर यायचं असेल तर बोलावून कधीच रागावू नका, बोलावून लगेच बांधू पण नका. वावरात लांब दोर लावून सराव करा, आला की खाऊ द्या आणि परत मोकळा सोडा.

महिनाभर बाहेर ठेवायला माझं मन होत नाही. कुत्रं जे शिकतं ते त्या जागेसकट, त्या माणसासकट शिकतं. तिकडच्या अंगणात "बस" म्हटलं की बसणारं कुत्रं तुमच्या दारावरून शेळ्या चालल्या असताना बसेलच असं नाही, ते परत तुम्हालाच शिकवावं लागतं. आणि तिथं कशानं शिकवतात ते तुम्हाला दिसत नाही. ट्रेनर म्हणून कोणीही पाटी लावू शकतो, म्हणून घरी येणाऱ्यालाही दोन गोष्टी विचाराच: बरोबर केलं तर काय देता, चुकलं तर काय करता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काठी, शॉकचा पट्टा किंवा गळ्याला झटका असं आलं, नाहीतर आठ दिवसांत गॅरंटी म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

वावरातलं कुत्रं आहे, दिवसभर साखळीवर राहते, रात्री जागलीले सोडतो. आता सालदार डबा घेऊन आला तं त्याच्यावरच धावून गेलं, पोटरीले दात लागले. आधी गुरगुरायचं, मारून मारून ते बंद केलं होतं. (दारव्हा)

भाऊ, आधी सालदाराचं बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायची नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची. हे झालं नसेल तर पुढचं वाचू नका, त्यांना घेऊन जा.

आता कुत्र्याचं. गुरगुरणं म्हणजे "जवळ येऊ नका, मला भीती वाटते" हे त्याचं सांगणं. मारून तुम्ही त्याचं सांगणं बंद केलं, भीती तशीच राहिली, म्हणून आता न सांगता चावतं. मला हे पाहून फार वाईट वाटतं, कारण त्यात कुत्रंही फसतं आणि माणूसही. त्यात साखळी, म्हणजे पळायची सोय नाही, मग समोरच्याला पळवणं एवढंच उरतं.

चावणाऱ्या कुत्र्याकडे गेलो की मी पहिले जनावरांच्या डॉक्टरांचं विचारतो. कान सडलेला असतो, दात दुखत असतो, गोचीड ताप असतो, आणि दुखत असताना ट्रेनिंग कशाचं होते? ते निपटलं की साखळीच्या जागी जाळीचं कुंपण करा, सावली आणि पाणी आत. डवरणीच्या वेळी बैलाला मुसकं घालतो तसं कुत्र्यालाही मिळतं, पिंजऱ्यासारखं घ्या, त्यात त्याला हापता येतं, पाणी पिता येतं. ते पण खाऊ देत देत हळूहळू सवयीचं करायचं, धरून कोंबायचं नाही. मग सालदारानं कुत्रं शांत राहील इतक्या लांबून जायचं, जाता जाता भाकरीचा तुकडा फेकायचा आणि थांबायचं नाही. रोज असंच. कुत्रं त्याला पाहून शेपटी हलवायला लागलं की चार पावलं जवळून. याला महिने लागतात, आणि लहान लेकरांजवळ हे कुत्रं एकटं सोडायचं नाही, बरं झालं तरी.

जेवायला बसलं की ताटापाशी भुंकते. आजी भाकर टाकते. आजीले कोण समजावणार? (मोर्शी)

आजीला थांबवू नका, काम द्या. जेवणाआधी कुत्रं पोत्यावर बसलं की आजींनीच त्याला त्याच्या भांड्यात भाकर द्यायची, ताटातून नाही. ताटातून देणं बंद केल्यावर पहिले काही दिवस ते आधीपेक्षा जास्त भुंकेल आणि तेव्हाच सगळे हरतात. तेवढे दिवस दम धरा. भाजीत कांदा असतो तो कुत्र्याला विषारी आहे, हे आजींना सांगा, त्या ऐकतील.

रात्री डुकरं हाकलायले सगळे फटाके फोडतात, आमचं कुत्रं बंडीखाली लपून थरथर कापते. भित्रं आहे म्हणून सोडून द्यावं का?

नाही हो. भीती ही काही खोड नाही. फटाके फुटायच्या आधी त्याला घरी आणा, आतल्या खोलीत ठेवा, जवळ घेऊन बसलं म्हणून भीती वाढत नाही. दिवसा मोबाईलवर फटाक्याचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि तेव्हा चांगलं काहीतरी खायला द्यायचं, आठवड्या-आठवड्यानं आवाज थोडा वाढवायचा, घाबरलं की परत कमी. फारच कापत असेल तर डॉक्टर औषध देतात, त्यात लाज नाही. पुढचं पिल्लू आणाल तेव्हा ३ ते १४ आठवड्यांचं असतानाच त्याला ट्रॅक्टर, ढोरं, छत्री, अनोळखी माणसं, सगळं लांबून, न घाबरवता दाखवा.

मे महिन्यात ट्रेनर बोलवावा का?

बोलवा, पण सकाळी सहाला. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते हापूनच अंग थंड करतं, आणि आपल्याकडे नऊ वाजताच सडक पाय पोळवते. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा, सराव तेवढा पुरतो. फोनवर फी ठरवताना पेट्रोल धरून किती ते विचारून घ्या, आणि मी येईन त्या दिवशी घरातले सगळे घरी असू द्या, वावरात जाणारेही.