गिटारचं पोट उघडण्यापूर्वी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इलेक्ट्रिक गिटारच्या घरगुती दुरुस्तीबद्दल आलेल्या पत्रांत 'कोणता पिकअप घेऊ?' हाच सूर जास्त आहे. (पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि कॉइलचा भाग.) पिकअपवर एक प्रश्न घेतला आहे, पण बाकीची जागा नट (नेकच्या टोकाची, तारा ज्यातून जातात ती खाचांची पट्टी), नेक (गिटारची मान), अर्थिंग आणि सोल्डरिंगला दिली आहे. बहुतेकांचं दुखणं तिथेच आहे.

मे महिन्यात फ्रेटची टोकं हाताला खरचटत होती. आता पावसाळ्यात तारा उंच झाल्यात. नेक वाकला का? (जळगाव)

कायमचा वाकला नाही. उन्हाळ्यात आकसला आणि आता फुगला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि हवेतलं पाणी पार उडतं. नेकवरच्या फिंगरबोर्डचं लाकूड रुंदीत आकसतं, फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीची) तार मात्र होती तेवढीच राहते, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. पावसाळ्यात लाकूड पाणी धरतं, नेक बहुधा पुढच्या बाजूला जरा कमानतो आणि तारा वर जातात. यात भर घालतो तो कूलर. दिवसभर कोरडी खोली आणि रात्री कूलरचा ओला झोत, असं महिनाभर झालं तर कोणताही नेक हलणारच. गिटार कूलरसमोरच्या भिंतीवर टांगू नका, केसमध्ये ठेवा. केसमध्ये आर्द्रतामापक ठेवून आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा.

ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सुधारणारी सळई) फिरवण्याआधी मोजा. ऑटो पार्टच्या दुकानात टॅपेट सेट करायचं फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मिळतं, तेच इथे चालतं. तारा नेहमीच्या सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) बसवा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट बघा. ०.२० ते ०.२५ मिलिमीटर असेल तर नेकला हात लावू नका. त्याहून जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा घट्ट करा, पुन्हा सुरात लावा, काही तास थांबा आणि मग मोजा. फट अजिबातच नसेल तर उलट दिशेने पाव फेरा सैल करा. ॲलन की बरोबर मापाचीच घ्या. आशियात बनलेल्या गिटारींना बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटरची लागते. जवळपासची की घुसवली की रॉडच्या टोकाच्या नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग ते काम घरी निस्तरत नाही. एक पूर्ण फेरा देऊनही फट तेवढीच राहिली तर थांबा.

फ्रेटची टोकं घासायची तर पुढच्या मे महिन्यातच घासा, कारण ती तेव्हाच सर्वांत जास्त बाहेर असतात. आता घासलीत तर उन्हाळ्यात पुन्हा डोकावतील. फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावा, बारीक सपाट कानस नेकच्या कडेला समांतर धरा आणि फक्त धातूवर चालवा. शेवटी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने टोक गुळगुळीत करा.

सिंगल कॉइलची (एकाच गुंडाळीच्या पिकअपची) गिटार घरात कायम गुणगुणते. लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की नुसतं भणभण. तांब्याची टेप लावून फरक पडेल का? (भुसावळ)

निम्मा पडेल. आधी एक चाचणी करा. ॲम्प सुरू ठेवून तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर गिटारची ग्राउंड वायर शाबूत आहे आणि टेपच्या शील्डिंगचा (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या आवरणाचा) उपयोग होईल. हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्या असण्याची शक्यता मोठी. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखाली (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाखाली) जाणारी वायर सुटली आहे का, ते पाहा. ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (विजेची वाट सलग आहे का ते) तपासली की कळतं. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. तो नसेल तर गिटार उघडूच नका.

टेप घेताना चिकटद्रव्यही वीजवाहक आहे ना, ते विचारून घ्या. तसं नसेल तर एका पट्टीवर दुसरी चिकटली तरी दोघी एकमेकींपासून तुटलेल्याच राहतात, आणि प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्यावा लागतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल त्याहून वाईट, कारण तिच्यावर साधं सोल्डर धरतच नाही.

तारा काढा, पिकगार्डचे (बॉडीवरच्या, पिकअप बसवलेल्या पातळ पत्र्याचे) स्क्रू सोडवा आणि वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढा. एक नको, तीन काढा. जॅकच्या दोन आणि ब्रिजची एक अशा तीन वायरी सोडवल्या की पिकगार्ड अख्खं हातात येतं. पिकगार्डखाली बॉडीत कोरलेल्या खड्ड्याचा तळ आणि भिंती टेपने मढवा, प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर ५ मिलिमीटर चढू द्या. खड्ड्याच्या काठावरून टेप एक सेंटिमीटर वर वळवून बॉडीच्या पृष्ठभागावर आणा, एखाद्या स्क्रूच्या भोकापर्यंत. पिकगार्डच्या पाठीलाही टेप लावा. पिकगार्ड बसलं की दोन्हीकडची टेप तिथे टेकते. मल्टिमीटरने कोणत्याही दोन कोपऱ्यांत १ ओहमच्या आत आकडा यायला हवा. मग खड्ड्यातून एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या घुंडीखालच्या, कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरच्या) पाठीवर.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जॅकची टोकाची पत्ती किंवा पाच-वे स्विचची पिन भिंतीवरच्या टेपला टेकते. सगळं बंद केल्यावर गिटार मुकी. कधी एकाच स्थितीत मुकी होते, आणि मग माणूस पिकअप जळाला म्हणून कपाळाला हात लावतो. त्या दोन जागांवर आधीच काळी इन्सुलेशन टेप मारा.

आता उरलेला निम्मा भाग. टेप अडवते ती ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीतल्या वायरिंगमधून येणारी खरखर. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण तांबं अडवत नाही. ती दोन उलट कॉइलच मारू शकतात. तुमचा मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या स्थितीत ती गायब होईल. इन्व्हर्टरचं भणभणणं वेगळं. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतो आणि तिच्यात वरच्या कंपनांचा भरणा असतो. त्यापासून दोन-तीन मीटर लांब बसा, अंग फिरवून आवाज सर्वांत कमी होईल ती दिशा शोधा, पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर हा त्रास बराच उतरतो.

स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या गिटारला ब्रिजपाशी हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवायचाय. पॉट बदलावे लागतील का? (धुळे)

पॉटच्या आधी खड्डा बघा. पिकगार्डखाली खड्डा मोठा कोरलेला असेल तर फक्त नवं पिकगार्ड लागेल, नसेल तर लाकूड कोरावं लागेल. नवं पिकगार्ड ११ स्क्रूचं असलं तरी भोकं तंतोतंत जुळतील असं धरून चालू नका. जुनं त्यावर ठेवून पेन्सिलने आखा. मग ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ५२-५३ मिलिमीटर असेल तर रुंद अंतराचा हंबकर घ्या, ४९-५० असेल तर साधा.

सिंगल कॉइलला २५० किलोओहम आणि हंबकरला ५०० किलोओहम, हा रिवाज ध्वनीसाठी आहे. २५० वर हंबकर दबलेला वाटतो आणि ५०० वर सिंगल कॉइल कानाला टोचते. मधला मार्ग म्हणजे व्हॉल्यूम ५०० चा, सिंगल कॉइलचा टोन २५० चा, हंबकरचा टोन ५०० चा आणि त्याला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉट मागवताना बुशिंगचा व्यास आणि दांड्याचे दाते दोन्ही पाहा. इंची मापाच्या मोठ्या पॉटला साधारण ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, पिकगार्डचं भोक लहान असेल तर ते गोल कानशीने वाढवा. २४ दात्यांच्या दांड्यावर १८ दात्यांची घुंडी जोर लावून बसवली तर चिरते.

चार वायरींच्या हंबकरचे रंग कंपनीगणिक बदलतात. सीमोर डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकमेकींना. दुसरीकडचा फोटो बघून जोडणी केली तर अर्धा पिकअपच वाजतो किंवा आवाज पोकळ येतो. हंबकर व मधला पिकअप एकत्र लावल्यावर आवाज नाकातून, पातळ आला तर फेज उलटी आहे. हॉट आणि हिरवी यांची अदलाबदल करा. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

पॉटच्या पाठीवर २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने टाका बसत नाही, तिथे ४० ते ६० वॉटचं लागतं. पाठ सँडपेपरने घासून चकचकीत करा, ६०/४० चं ०.८ मिलिमीटर सोल्डर वापरा आणि तीन-चार सेकंदांत काम आटपा. थंड झाल्यावर टाका मातकट आणि दाणेदार दिसला तर ते ड्राय सोल्डर, पुन्हा करा.

'बटन फिरावं का खरखर येस.' पॉट बदलू का? (नंदुरबार)

लगेच नको. पॉटच्या पत्त्यांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. शिवणयंत्राचं तेल, रॉकेल, खोबरेल यांतलं काहीही नको, धूळ त्यात बसून लगदा होतो. दुसऱ्या फवाऱ्यानंतरही खरखर राहिली तर बदला.

खुंट्या लॉकिंगच्या (तार चिमटून धरणाऱ्या) घातल्या तरी गिटार सूर सोडते. खुंट्या नकली निघाल्या का? (चाळीसगाव)

खुंट्यांना दोष देण्याआधी नट ऐका. तिसरी तार हळूहळू वर चढवा. 'टिंग' असा बारीक आवाज झाला आणि सूर एकदम उडी मारून गेला तर तार खाचेत अडकते आहे. तार काढून खाचेत २बी पेन्सिलचं शिसं घासा. तरी अडकली तर खाच तारेहून एखाद्या केसाएवढी रुंद करावी लागेल. ६०० नंबरच्या पेपरची घडी एका पातळ जुन्या तारेवर गुंडाळून ती हलक्या हाताने खाचेतून ओढा, उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवा. खोली वाढवू नका. खाच खोल गेली की उघडी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते, आणि गिटारवर ते कुणाला हवं असतं?

ट्रेमोलोचा दांडा वापरतच नसाल तर मागच्या क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेल्या धातूच्या पट्टीचे) दोन स्क्रू घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून टाका. अर्धं दुखणं तिथेच संपतं.

९ च्या जागी १० च्या (पहिली तार ०.००९ ऐवजी ०.०१० इंच जाडीची) तारा घातल्या, ब्रिज उचलला गेला. (अमळनेर)

उचलला जाणारच. साडेपंचवीस इंची गिटारवर ९-४२ च्या संचाचा एकूण ताण सुमारे ८५ पौंड, १०-४६ चा सुमारे १०३. मागे तीन स्प्रिंग असतील तर चौथी जोडा किंवा क्लॉ आत घ्या, सूर पुन्हा लावा, आणि मग बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (दाबलेला स्वर सुरात येतो का ते) बघा. दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तार त्याच फ्रेटवर न दाबता, नुसती टेकवून छेडल्यावर येणाऱ्या स्वरापेक्षा) चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेका) मागे घ्या, उतरा आला तर पुढे. नटच्या खाचाही तपासा, त्या ९ च्या मापाच्या असतात.

कानबाईच्या कार्यक्रमात गाता-वाजवताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. गिटारची वायर तपासू का? (शिरपूर)

गिटार नाही, मांडवातली वीज तपासा. तुमचा ॲम्प एका बोर्डावर आणि साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांपैकी एकाला अर्थ नसेल, तर तारा आणि माइक यांत व्होल्टेज उभं राहतं. ते तुमच्या हातातून ओठात उतरतं. ॲम्पच्या प्लगची तिसरी, जाड पिन कुणी 'गुणगुण जाते' म्हणून तोडली असेल तर तो प्लग आजच बदला.

गाण्याआधी मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. दोन-चार व्होल्टच्या वर आकडा गेला तर माइकला शिवू नका. कधी ९०-१०० व्होल्ट दिसतात आणि झटका सौम्य असतो, कारण करंट कमी असतो. पण तो कमीच आहे, हे मीटर सांगत नाही. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर, तीन पिनच्या चालू अर्थवर घ्या, आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावायला सांगा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थचा रॉड जमिनीत ठोकला आहे का, ते डोळ्यांनी बघा. माइकवर फोमची टोपी घातली तर ओठ जाळीपासून दूर राहतो, पण घामाने भिजलेल्या फोमच्या भरवशावर रात्र काढू नका.