शिराळ्याच्या मुलीने बारावीनंतर वन्यजीव शिकायला कुठे जावं?

पदवीच्या नावात 'वन्यजीव' हा शब्द हवाच, असा हट्ट धरू नका. भारतात या विषयाचं खरं शिक्षण बहुतेक एमएस्सीला मिळतं. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, दोन्हीकडे आधी पदवी लागते. म्हणून आत्ता पाया निवडायचा.

माझी पहिली पसंती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय. चार वर्षांची बीएस्सी फॉरेस्ट्री, प्रवेश सीईटीवर. प्राण्यांच्या उपचारात रस असेल तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय बघा, पण त्यासाठी नीट द्यावी लागते. दोन्ही जमलं नाही तर जवळच्या कॉलेजात प्राणीशास्त्र घ्या, काही बिघडत नाही. संख्याशास्त्र मात्र टाळू नका. वाघ मोजायचे म्हणजे शेवटी गणितच.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा एवढंच विचारा: मुलं जंगलात किती दिवस जातात, आणि मागच्या बॅचची कुठे लागली? उत्तर गोलमोल आलं तर सरळ परतीची एसटी धरा.

आणि चांदोली तुमच्या उशाशी आहे. २०१० पासून ती कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. सुट्टीत तिथलं जंगल तिला आधी पायी फिरून बघू द्या, अर्थात वनखात्याची परवानगी काढून. जळवा लागल्यावरही हौस टिकली, तर फी भरा.