मराठी रोजनिशीचं ॲप बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, अँड्रॉइडवर मराठी रोजनिशीचं ॲप करायचंय, आणि तुमच्या यादीत मूड ट्रॅकर, स्ट्रीक, थीम, एआय सारांश असं सगळं आहे. ती यादी तूर्तास बाजूला ठेवा. रोजनिशी लिहिणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: लिहिलेलं हरवू नये आणि दोन वर्षांनी शोधलं तर सापडावं. बरीच ॲप दुसऱ्या गोष्टीत मराठीपुरती नापास होतात.

आधी साठवण. सेव्हचं बटण नको. टायपिंग थांबल्यावर साधारण सेकंदाभरात आणि स्क्रीन मागे जाताच फोनमधल्याच एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये लिहा. पहिल्या आवृत्तीला सर्व्हर लागत नाही. सेव्ह करताना तोच मजकूर परत लेखनाच्या चौकटीत टाकू नका. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्याचा शब्द कीबोर्डमध्ये अर्धवट असतो, अशा वेळी अक्षरं दुप्पट होतात किंवा कर्सर उडी मारतो.

नोंदीची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, पण स्थानिक तारखेचा रकाना वेगळा हवा. तारीख यूटीसीवरून काढली, तर पहाटे साडेपाचच्या आत लिहिलेलं सगळं आदल्या दिवसात जातं. रात्री साडेबाराला लिहिणाऱ्याच्या मनात मात्र संपलेलाच दिवस असतो, म्हणून ‘दिवस कधी बदलतो’ ही सेटिंग द्या. सुरुवातीला पहाटे ४ ठीक. फोटो डेटाबेसमध्ये कोंबू नका, ओळ २ एमबीच्या आसपास गेली की वाचतानाच ॲप कोसळतं. लांब बाजू २०४८ पिक्सेलपर्यंत आणून फाइल वेगळी ठेवा आणि तिच्यातली जीपीएसची नोंद (फोटो कुठे काढला ते) पुसा.

आता शोध. इथे वेळ घाला. एसक्यूलाइटच्या फुल टेक्स्ट सर्चचा (एफटीएस, म्हणजे सगळ्या मजकुरात शोध) ‘युनिकोड६१’ टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, मात्रांना आणि हलंताला अक्षर मानत नाही, तिथे शब्द तोडतो. ‘मीना’चे ‘म’ आणि ‘न’ असे दोन तुकडे होतात, आणि ‘मीना’ शोधलं की ‘मेनू’ असलेली नोंदही येते. रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीतलं एफटीएस४ वापरत असाल तर ‘टोकनचार्स’ या सेटिंगमध्ये सगळ्या मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग, हलंत लिहून द्या. एसक्यूलाइटची नवी आवृत्ती ॲपसोबतच बांधून देत असाल तर एफटीएस५ मध्ये ‘कॅटेगरीज’ या सेटिंगला एमएन आणि एमसी हे मात्रा-चिन्हांचे युनिकोड गट जोडणं पुरतं.

मूळ मजकुराला हात न लावता शोधासाठी वेगळी प्रत करा. तिच्यात आधी एनएफसी, म्हणजे युनिकोडने समान मानलेली अक्षररूपं एक करणारी प्रक्रिया. मग ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘ॲ’ आणि एकसंध ‘ॲ’ एकाच रूपात आणा. हे काम एनएफसी करत नाही. ‘आचाऱ्यांना’मधला अर्धा ‘ऱ’ही दोन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ‘ऱ’ घेऊन, किंवा ‘र’, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दुसरं रूप पहिल्यात बदला, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढा. क्रम उलटा केलात तर स्वयंपाकी आचारी आणि गुरू आचार्य एकच होतात.

शेवटी सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करा आणि शोधाच्या शब्दावरही हीच प्रक्रिया चालवून तो नोंदीतल्या शब्दांच्या सुरुवातीशी जुळवा. ‘नागपूर’ शोधल्यावर ‘नागपुरात’, ‘नागपुरहून’, ‘नागपुरचा’ हे सगळं त्यामुळेच सापडतं. शुद्धलेखन चुकलेल्या नोंदीही याच जाळ्यात येतात. एवढं करणारं ॲप मराठी माणसाला खरोखर उपयोगी पडेल.

कुलूप लावताना डेटाबेस कूटबद्ध करणारं एसक्यूएलसायफर घ्या, पण किल्ली फक्त अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये (फोनच्या किल्ल्यांच्या तिजोरीत) ठेवू नका. फोन बदलल्यावर अँड्रॉइडच्या ऑटो बॅकअपने डेटाबेस परत येतो, कीस्टोअरमधली किल्ली येत नाही, आणि वर्षांची रोजनिशी कायमची बंद होते. डेटाची किल्ली एक, तिच्यावर वेष्टनं दोन: एक कीस्टोअरचं, दुसरं वापरणाऱ्याच्या परवलीच्या वाक्यातून आर्गॉन२ने (वाक्यापासून किल्ली बनवणाऱ्या पद्धतीने) काढलेलं. ऑटो बॅकअपची मर्यादा ॲपमागे २५ एमबी आहे, फोटो त्यात मावणार नाहीत. म्हणून साध्या मजकुराची आणि फोटोंची झिप बाहेर काढण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत हवी.

प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी लागते. हे १२ जण सगळे होस्टेलचे घेऊ नका. नागपूरच्या महाल भागातले एखादे निवृत्त काका घ्या जे बोलून टाइप करतात, फाँट सर्वांत मोठा ठेवणारी एखादी मावशी घ्या. मोठ्या फाँटमध्ये रफार आणि उकार कापले जातात का ते बघा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा. ‘काहून’, ‘करून राहिलो’ असं वऱ्हाडी वळणाचं लिहिणाऱ्याच्या शब्दांखाली लाल रेघ येता कामा नये. आणि चाचणीच्या काळात प्रत्येकाकडून एकदा ॲप काढून दुसऱ्या फोनवर सगळ्या नोंदी परत आणून घ्या.