इजिप्तवाले काळे की गोरे?

प्रश्न: २०२३ मध्ये एका मालिकेत क्लिओपात्राच्या रोलला कृष्णवर्णीय नटी घेतली तर इजिप्तमध्ये एवढा गदारोळ का झाला? मुळात ते प्राचीन इजिप्तचे लोक काळे होते की गोरे?

उत्तर: क्लिओपात्राचं घराणं टॉलेमींचं, ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसेडोनियातून आलेलं, त्यामुळे तिच्यावरून अख्ख्या देशाचा रंग ठरवायचा म्हणजे कमालच. आणि काळे-गोरे हे कप्पे आत्ताचे हो. पहिला सेती या इजिप्तच्या राजाच्या थडग्यात चार प्रकारची माणसं रंगवलीयत, इजिप्शियन तांबूस-तपकिरी, नुबियन (इजिप्तच्या दक्षिणेकडचे) काळे, लिबियन आणि आशियाई फिकट, पण ओळख केस-कपड्यांवरूनही पटते. बरं, स्वतःच्याच बायका बऱ्याचदा पिवळसर रंगवायचे, मग त्या काय वेगळ्या वंशाच्या? तहार्कासारखे कुशी, म्हणजे नुबियातले राजे तर थेट फॅरो, म्हणजे इजिप्तचे राजे म्हणून गादीवर बसले.