फोल्डर गायब, उरली एकच फाईल!

प्रश्न: सर, आमचं औशाला सेवा केंद्र आहे, कॉम्प्युटरवर उबुंटू टाकलेलं. पीकविम्याचे स्कॅन केलेले सातबारे वेगळ्या फोल्डरमधी टाकायला स्क्रिप्ट लिहिली. आधी डॉलर कंसात एलएस (फायलींची यादी देणारी कमांड) देऊन लूप फिरवत होतो, म्हणजे एकेक फाईल घेऊन तेच काम, तर 'नो सच फाईल' यायलं, डबल कोट घालूनही तेच. मग नुसतं स्टार डॉट पीडीएफ (म्हणजे सगळ्या पीडीएफ) दिलं तर चाललं, एक एरर नाही, पण आता 'पीकविमा' फोल्डरच नाही, त्या नावाची एकच फाईल दिसायलीय अन् बाकीच्या कुठंच सापडंनात. काय झालं?

— एक वाचक, जि. लातूर

उत्तर: आधी एक करा, त्या मशीनवर नवीन काहीच सेव्ह करू नका, अन् स्कॅन ज्या पेनड्राईव्हवरून किंवा मोबाईलवरून आले तिथं मूळ फायली आहेत का बघा.

आता झालं काय, तर 'पीकविमा' फोल्डर तुम्ही बनवलंच नव्हतं. स्क्रिप्टमधली एमव्ही कमांड फाईल हलवायचं बी काम करते अन् नाव बदलायचं बी. त्या नावाचं फोल्डर असलं तर फाईल आत टाकते, नसलं तर तिला वाटतं तुम्हाला नावच बदलायचंय. म्हणजे पहिल्या सातबाऱ्याचं नाव झालं 'पीकविमा', दुसऱ्याचंही तेच झालं अन् त्यानं पहिल्याला उडवलं, तिसऱ्यानं दुसऱ्याला, असं करत करत शेवटचा तेवढा राहिला. एमव्ही ह्यात विचारत बसत नाही, सांगितलं तसं केलं म्हणून एरर बी नाही. मूळ फायली कुठंच नसतील तर फोटोरेक (पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम) चालवून बघा, पीडीएफ परत मिळू शकतात, पण नावं येत नाहीत, एकेक उघडून गट नंबर बघावा लागंल. एसएसडी (चिपवाली डिस्क) असंल तर जास्त आशा ठेवू नका.

पुढच्या बारीला स्क्रिप्टमधी लूपच्या आधी एमकेडीआयआर मायनस पी लावून फोल्डर बनवा, अन् एमव्हीत फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश द्याच, मग फोल्डर नसलं तर ती एरर देऊन थांबते, नाव बदलत नाही. सोबत मायनस एन लावा, म्हणजे आधीची फाईल पुसली जाणार नाही. अन् खऱ्या कागदांवर चालवायच्या आधी एमव्ही शब्दाच्या अगोदर इको लावून एकदा नुसतं वाचून बघा, मग कमांड चालत नाही, फक्त पडद्यावर दिसते. एवढा कंटाळा करू नका राव, लोकांचे कागद आहेत.

डबल कोट का चालला नाही? 'सातबारा गट नं 45' ह्या नावात स्पेस आहेत, अन् एलएसच्या उत्तराचे तुकडे लूप सुरू व्हायच्या आधीच पडतात, तेव्हा आत कोट घालून काय उपयोग. स्टार डॉट पीडीएफमधी नाव अख्खं येतं, ते तुम्ही बरोबरच केलं, फक्त आतला कोट काढू नका.

प्रश्न: विंडोजवरची पंचनाम्याची फाईल लिनक्सवर कॉपी करताना 'फाईल नेम टू लाँग' यायलं. नाव मराठीत आहे, पण मोजली तर साठ-सत्तर अक्षरंच आहेत. मग विंडोजवर कसं चालतं?

— एक वाचक, परभणी

उत्तर: विंडोजची एनटीएफएस (डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) देवनागरीतलं एकेक चिन्ह एकच धरते अन् 255 पर्यंत चालवून घेते. लिनक्सची तशीच पद्धत ईएक्सटी4 बाइट मोजते, तिथंही हद्द 255 च, पण देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 मधी (अक्षरं साठवायची रीत) 3 बाइट खातं. म्हणजे जास्तीत जास्त 85 चिन्हं, अन् काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलंत हे सगळं वेगळं मोजतात. 'सातबारा' चार अक्षरी दिसतो पण चिन्हं 7, बाइट 21. नाव इको मायनस एनमधून डब्ल्यूसी मायनस सी ह्या मोजणाऱ्या कमांडला दिलं की नेमके बाइट कळतात. गाव, गट नंबर, साल एवढंच नावात ठेवा, अर्जदाराचं पूर्ण नाव अन् अतिवृष्टीची सगळी हकिगत फाईलच्या आत राहू द्या.