ढोर की बकरी: नियमावलीची बैठक एका रात्रीत कशी संपवायची

तुमचा प्रश्न असा: गावाला सामूहिक वनहक्क (वनहक्क कायद्याने सगळ्या गावाला मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क) मिळाला, व्यवस्थापन समिती झाली, जंगल कसं वापरायचं त्याच्या नियमावलीचा मसुदाही आहे, पण चार बैठका झाल्या तरी एक पान पुढे सरकत नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात अशाच समितीचा सचिव होतो. आमच्या पहिल्या दोन बैठका वाया गेल्या त्या माझ्यामुळे. अकरा पानांचा मसुदा घेऊन मी पहिल्या ओळीपासून वाचत बसलो. उद्दिष्टं संपेपर्यंत साडेनऊ वाजले. खरी भांडणं चराई आणि दंडावर होणार होती, ती कलमं शेवटच्या दोन पानांवर. तोवर अर्धी मंडळी 'खर्रा (सुपारी-तंबाखू) घेऊन येतो' म्हणून उठलेली. खर्रा आणायला गेलेला माणूस बैठकीत परत आलेला मी अजून पाहिला नाही.

तिसऱ्या वेळी मसुदा बैठकीत वाचलाच नाही. आठ दिवस आधीपासून रोज संध्याकाळी एका टोल्यावर (वस्तीवर) जाऊन तो वाचून दाखवला. झेरॉक्स वाटून उपयोग नाही, ती आढ्यात खोचली जाते. बायांना वेगळं बसवून वाचा. मोहफूल, तेंदू, सरपण ही कामं त्यांच्या हातची, आणि मोठ्या बैठकीत त्या मागे बसतात. ज्या कलमावर कोणीच काही बोललं नाही त्यापुढे बरोबरची खूण, जिथे कुरकुर झाली तिथे गोल. आमच्या सव्वीस कलमांपैकी सातांवर गोल आला. बैठक फक्त त्या सातांची.

शब्दांकडे नीट बघा. मसुद्यात होतं, 'नव्याने रोपं लावलेल्या भागात तीन वर्षं ढोरं चारू नयेत.' सगळ्यांनी माना डोलावल्या, मी बरोबरची खूण केली. बैठकीच्या दिवशी मागून एक काका शांतपणे म्हणाले, "बकरी का ढोर होय का?" त्यांच्याकडे बारा बकऱ्या. म्हणजे माना दोन वेगवेगळ्या अर्थांनी डोलल्या होत्या. बरं झालं तिथेच विचारलं. नाहीतर पावसाळ्यात दंडाच्या पावतीवरून डोकी फुटली असती. तेव्हापासून मी प्रत्येक कलमाखाली एक खरा प्रसंग विचारतो: 'अमक्याच्या बकऱ्या आत शिरल्या, तर काय?'

मतदान मात्र घेऊ नका. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय होतात. वाटतं त्यात वेळ जातो. पण हरलेला गट नंतर नियम पाळत नाही, त्यात जास्त जातो. सहमती अडू नये म्हणून आम्ही एकच अट ठेवली: ज्याला कलम मान्य नाही त्याने त्या जागी कोणतं वाक्य हवं ते सांगायचं. नुसतं 'हे जमणार नाही' वहीत लिहायचं नाही. शाळेचा फळा मागून घेतला, वाक्य त्यावर लिहिलं, मोठ्याने वाचलं, पुसलं, परत लिहिलं. पक्कं झालं की त्याच क्षणी वहीत उतरवून सह्या आणि अंगठे. 'उद्या फेअर करून आणतो' म्हटलं की कलम पुन्हा उघडतं.

दिवसही बघून ठरवा. धानाच्या रोवणीत (लावणीत) कोणी येत नाही, तेंदूच्या हंगामात तर नाहीच. धान घरात आल्यावर आणि मोहफूल पडायच्या आधी बरं पडतं. सातला सुरू केलेली आमची बैठक दहाच्या आत आटोपली.

एक विसरू नका: समितीने मंजूर केलं म्हणजे काम झालं असं नाही. समिती ग्रामसभेची, शेवटची मंजुरी ग्रामसभेची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्क नियमांत ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी निदान निम्मे हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. डोकी मोजून मगच ठराव वाचायला घ्या. नंतर कोणी कोरमचा (पुरेशा हजेरीचा) मुद्दा काढला तर सगळं मुसळ केरात.

आमचं चराईचं कलम शेवटी असं झालं: 'गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी.' डुकराचं त्या रात्री कोणी विचारलं नाही, म्हणून ते राहिलं. पुढच्या दुरुस्तीत घेऊ.