रूट ६६ वर निसर्ग बघायचाय? मग आधी गाडीचं कार्ड बघा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. मुलगा शिकागोला, त्याला रजा नाही, म्हणून तुम्ही दोघंच मे मध्ये रूट ६६ या अमेरिकेतल्या जुन्या रस्त्यानं लॉस एंजेलिसपर्यंत जाणार, अकरा दिवस, आणि "निसर्ग बघायचाय, म्युझियमं नकोत" असं लिहिलंय. इथवर झकास. पण खाली एक ओळ आहे, भाड्याची गाडी मुलाच्या क्रेडिट कार्डावर बुक केलीय. ती वाचली आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, कारण २०२३ च्या मे मध्ये आम्ही दोघं कोल्हापुरातनं असंच गेलतो, मुलाच्या जागी पुतण्या, बाकी सगळं अगदी हेच.

व्हिसा, आयडीपी (परदेशात गाडी चालवायचा परवाना), विमा, उजव्या बाजूनं गाडी चालवणं हे तुम्ही बघितलं असणारच, त्यात पडत नाही.

सकाळी नऊला शिकागोत गाडीच्या कंपनीच्या काउंटरवर हजर. लायसन दिलं, आयडीपी दिलं, पासपोर्ट दिला. तिथली मुलगी म्हणाली, कार्ड. मी फॉरेक्स कार्ड पुढं केलं, तिनं उलटंपालटं करून परत दिलं. मग बँकेचं डेबिट कार्ड, तेही परत. जो माणूस गाडी नेणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड पाहिजे, तेही हातात, पुतण्यानं फोनवर पाठवलेला फोटो चालत नाही, कारण डिपॉझिटची रक्कम त्या कार्डावर अडकवून ठेवतात. अहो पैसे तर आधीच भरलेत, म्हटलं. सॉरी सर. बुकिंगच्या वेळी फोनवर विचारलंतं तेव्हा तुमचाच माणूस म्हणाला काउंटरवर बघून घेतील. सॉरी सर. कस्टमर केअरला लावला तर अर्धा तास नुसतं संगीत. कंपनीचं नाव घेत नाही, पण अजून आठवलं की डोकं तापतं. एवढी महत्त्वाची अट बुकिंगच्या पानावर तळाला बारीक अक्षरात, आणि फोनवरचा माणूस खुशाल सांगतो बघून घेतील! चूक माझीपण आहे, अटी मी वाचल्याच नव्हत्या. शेवटी पुतण्यानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली, त्याच्या नावावर नवीन बुकिंग, मला जादा ड्रायव्हर म्हणून घातलं, भाडं जवळजवळ दीडपट, आणि गाडी हातात आली तेव्हा दुपार झालेली. दीड दिवस गेला.

पैशाचं मला तेवढं वाटत नाही. तो दीड दिवस कुठनं कापला गेला ते महत्त्वाचं. हा रस्ता १९२६ चा, शिकागो ते सँटा मोनिका साधारण ३,९४० किलोमीटर, आठ राज्यांतनं. १९८५ ला सरकारी यादीतनं काढून टाकला, आता बाजूनं मोठे इंटरस्टेट हायवे गेलेत आणि जुना रस्ता गावागावातनं तुकड्यातुकड्यानं राहिलाय, निपाणीत जुना पी. बी. (पुणे-बंगळूर) रोड गावातनं राहिलाय ना, तसाच. आणि निसर्ग म्हणाल तर जवळजवळ सगळा शेवटच्या टप्प्यात, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया. इलिनॉय ते ओक्लाहोमा मुख्यतः शेती आणि माळ. मिसुरीत मेरामेक ही चुनखडीची मोठी गुहा आहे आणि टेक्सासात अमरिलोच्या दक्षिणेला पालो ड्युरो कॅनियन, ही दोन सोडली तर मी तिथं थांबणार नाही. आता ज्याचं परतीचं विमान एल. ए. तनं ठरलंय आणि हॉटेलांचे पैसे परत मिळत नाहीत, त्याचा सुरुवातीला एक दिवस गेला तरी तो शेवटातनंच जातो. म्हणजे नेमका चांगल्यातनं.

आमच्या हिला दगड झालेली झाडं बघायची होती. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट म्हणून नॅशनल पार्क आहे, वीस कोटी वर्षांच्याही आधीचे ओंडके, लाकडाच्या जागी गारगोटी भरत गेली आणि लोखंड-मँगनीजमुळं लाल, पिवळे, जांभळे रंग आलेत. तिनं घरीच त्यांचे फोटो फोनमध्ये जमवून ठेवलेले. आम्ही हायवेवरनं उत्तरेच्या गेटनं आत गेलो, हातात पाऊण तास. तिथं पेंटेड डेझर्ट दिसतं, गुलाबी-तांबड्या मातीच्या टेकड्या, पट्टे पट्टे मारल्यासारख्या, आणि जुना रूट ६६ जिथनं जायचा तिथं १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर गाडी ठेवलीय. पण ओंडक्यांची मोठी गर्दी आहे दक्षिण टोकाला, चाळीसेक किलोमीटर पुढं. आम्ही उत्तरेकडनंच मागं फिरलो, पुढं विल्यम्स गावात हॉटेल धरलेलं. ही काही बोलली नाही, फक्त फोनमधले ते फोटो परत उघडून बघत बसली. म्हणून सांगतो, या पार्कला पूर्ण दिवस द्या, उत्तरेनं शिरा आणि दक्षिणेनं बाहेर पडा. (एकही खडा खिशात घालू नका, गुन्हा आहे.)

त्याच राज्यात विन्स्लो गावाजवळचं मेटिऑर क्रेटर, म्हणजे उल्केनं पडलेला खड्डा, हायवेपासून जवळच आहे, तासाभरात होतं. लोणार बघितलंय का? ते पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद, पाणी, झाडी, खाली उतरता येतं. हे सव्वा किलोमीटरच्या आसपास, कोरडं ठणठणीत, वय साधारण ५०,००० वर्षं, खाली उतरू देत नाहीत. पण कडा इतकी स्वच्छ की उल्का काल पडल्यासारखी वाटते. खासगी मालकीचं आहे, नॅशनल पार्कचा पास चालत नाही.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण मात्र लहानसं, न्यू मेक्सिकोत सँटा रोझा गावातलं ब्लू होल. विहीरच म्हणा की, पंचवीसेक मीटर खोल, निळंशार, तळापर्यंत नजर जाते, आणि पाणी बारा महिने सोळा-सतरा डिग्री. वयाचा विचार न करता मी काठावरनं मुटका मारला. छातीत श्वास अडकला, वर आलो तेव्हा एक गोरा पोरगा टाळ्या वाजवत होता आणि ही टॉवेल घेऊन काठावर रागावलेली. बीपी किंवा हार्टचं काही असेल तर हे करू नका, पाय सोडून बसा.

ग्रँड कॅनियनला दोन रात्री ठेवलेल्या, मिळाले दोन तास. विल्यम्सहनं साऊथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण कडा, पंच्याण्णव किलोमीटर, पहाटे चारला निघालो. रिमची उंची २,१०० मीटरच्या आसपास, मे मध्येसुद्धा कडाक्याची थंडी, स्वेटर न्याच. समोरच्या कड्यांच्या टोकांना ऊन लागलं आणि मग ते एकेक थर खाली उतरत गेलं, दरी दीड किलोमीटरच्या वर खोल, म्हणजे आमचं आंबोलीचं कावळेसाद इथं कुठल्या कुठं. नदी नीट बघायची तर पूर्वेला डेझर्ट व्ह्यू पॉइंटला जावं लागतं, ते आमचं राहिलं.

तर माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. शिकागोहनं न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला विमानानं जा, गाडी तिथनं घ्या, मागं दोनेक तासांवर सँटा रोझा करून या, मग अकराच्या अकरा दिवस पश्चिमेत घालवा. "पूर्ण रूट ६६ केला" म्हणायला मिळणार नाही, मग काय झालं? एका राज्यात घेऊन दुसऱ्या राज्यात गाडी सोडायचा चार्ज वेगळा पडतो, तेवढा विचारून घ्या. कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटात अँबॉयचा ज्वालामुखी आहे, पण तिथल्या जुन्या रस्त्याचे काही तुकडे पूल खराब झाल्यानं बंद असतात, आणि दुपारी चालायला जाऊ नका.

पास: २०२६ पासून परदेशी पर्यटकांना ग्रँड कॅनियनला नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जादा लागतात, नॅशनल पार्कांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, तो एक घेतला की गाडीतल्या दोघांचं हे सगळं त्यातच येतं. दोघांचे २००, गाडीचे ३५, पेट्रिफाइड फॉरेस्टचे २५, झाले २६०, म्हणजे पासच परवडतो. दर बदलतात, जायच्या आधी बघा.

पेट्रोल पंपावर आपलं कार्ड घातलं की मशीन पिनकोड मागतं, तिथला, आपला चालत नाही. आत दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगून आधी पैसे भरायचे.

आणि कार्डाचं उद्याच बघा. तुमच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड, परदेशी व्यवहार चालू केलेलं, लिमिट डिपॉझिट झेपेल एवढं, आणि कार्डावरचं नाव पासपोर्टसारखंच. गाडीच्या कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या शब्दावर जाऊ नका. कंपनीगणिक अटी वेगळ्या असतील, मी माझ्यावर गुदरलेलं सांगितलं. कार्ड हातात आलं की इथं कळवा, मग विल्यम्सला कुठल्या हॉटेलात उतरलो आणि शाकाहारी कुठं मिळालं ते सांगतो.